पोरांच्या हवाली केलेली जहाजं

मुंबईच्या गोदीत अडीच-पावणेतीन वर्षांच्या अंतराने दोन सागवानी युद्धनौका पाण्यात उतरल्या. 'वेलस्ली' फेब्रुवारी १८१५ मध्ये आणि 'ट्रिंकोमाली' ऑक्टोबर १८१७ मध्ये. दोन्ही वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली ब्रिटिश नौदलासाठी बांधलेल्या, आणि दोन्हींचं लाकूड मलबारचं. नौदलाला त्यांचा उपयोग उरला नाही तेव्हा दोन्ही इंग्लंडमध्ये मुलांच्या प्रशिक्षणासाठी वापरल्या गेल्या. 'वेलस्ली' १९४० मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात बुडाली. 'ट्रिंकोमाली' मात्र इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूलला आजही पाण्यात उभी आहे. ब्रिटनची तरंगत असलेली सगळ्यांत जुनी युद्धनौका म्हणून ती ओळखली जाते.

या दोघींच्या मागे जहाजांची मोठी रांग आहे. ऐतिहासिक जहाज एखाद्या मुलांच्या संस्थेला, स्काउटांना किंवा सागरी शाळेला द्यायचं, ही ब्रिटनमधली दीडशे वर्षांची रीत. या रीतीमुळे काही जहाजं वाचली आणि बरीच गेली. गेलेल्यांबद्दल बोलताना "पोरांच्या हाती दिलं की असंच व्हायचं" असं म्हणून मोकळं होता येतं. ते अन्यायाचं आहे, आणि एकदोन अपवाद सोडले तर खोटंही. जहाजं का गेली हे समजून घ्यायचं तर तीन गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्या लागतात: जहाज मालकीचं कोणाचं, वापरणारं कोण आणि दुरुस्तीचे पैसे कोणाच्या खिशातून येणार.

आधी ही रीत पडली कशी ते बघू. १८६० च्या सुमारास लोखंडी आणि वाफेवर चालणाऱ्या युद्धनौका आल्या आणि लाकडी शिडाच्या युद्धनौका एका झटक्यात जुन्या झाल्या. नौदलाच्या बंदरांत शेकड्यांनी तोफांची भलीमोठी लाकडी धुडं नुसती नांगरून पडलेली. त्याच काळात लंडन, लिव्हरपूलसारख्या शहरांत अनाथ, बेवारस, भुकेली पोरं रस्त्यावर होती, आणि व्यापारी जहाजांना व नौदलाला खलाशी हवे होते. धर्मादाय संस्थांनी या दोन टोकांची गाठ मारली. नौदलाकडून जुनं जहाज उसनं घ्यायचं, डोलकाठ्या ठेवायच्या, तोफा उतरवायच्या आणि त्यात चार-पाचशे मुलांचं वसतिगृह, शाळा आणि कवायतीचं मैदान एकदमच थाटायचं. जमीन विकत घ्यायला नको, इमारत बांधायला नको. शिवाय मुलगा पळून जायचा म्हटला तर चोहीकडे पाणी!

'वेलस्ली'चं हेच झालं. या नौकेने १८३९ मध्ये कराचीच्या मनोरा किल्ल्यावर तोफा डागल्या होत्या, नंतर चीनविरुद्धच्या अफूच्या पहिल्या युद्धात भाग घेतला होता. १८६८ मध्ये तिचं नाव बदलून 'कॉर्नवॉल' करण्यात आलं आणि टेम्स नदीत ती बालगुन्हेगारांचं सुधारगृह बनली. चोरीमारीत सापडलेली, कोर्टाने शिक्षा सुनावलेली मुलं तिथे ठेवत. मुंबईच्या सुतारांनी घडवलेल्या त्या पाटांवर लंडनची पोरं वर्षानुवर्षं गुडघे टेकून डेक घासत राहिली, आणि ते काम त्यांनी स्वतःहून निवडलेलं नव्हतं.

वर अपवाद म्हटलं ते इथले. लिव्हरपूलजवळ मर्सी नदीत 'क्लॅरन्स' नावाचं असंच एक सुधारगृहाचं जहाज होतं. १८८४ मध्ये तिथल्या काही मुलांनी ते स्वतःच पेटवून दिलं आणि जहाज जळून गेलं. त्याआधी डिसेंबर १८७५ मध्ये टेम्समधलं 'गोलायथ' हे प्रशिक्षण जहाज दिव्यामुळे लागलेल्या आगीत गेलं, आणि त्यात मुलंही दगावली. 'क्लॅरन्स'ला मुलांनीच आग लावली म्हणून त्यांना जहाजाचे मारेकरी ठरवणं मला पटत नाही. त्या मुलांसाठी ते तरंगतं तुरुंग होतं. त्याला इतिहासाचा ठेवा म्हणावं, अशी त्यांच्याकडून कोणी कधी अपेक्षाही केली नव्हती. लाकूड, डांबर, तेलाचे दिवे आणि शेकडो मुलं एकाच छपराखाली, हे मिश्रणच स्फोटक होतं.

लाकडी जहाज मरतं कसं

पुढची गोष्ट कळण्यासाठी थोडं लाकडाबद्दल बोलायला हवं, कारण बहुतेक जहाजांचा जीव आगीने किंवा वादळाने गेलेला नाही. तो हळूहळू, आतून गेला.

लाकडी जहाजाचा शत्रू खारं पाणी असेल असं आपल्याला वाटतं. खाऱ्या पाण्यातला लाकूड पोखरणारा किडा नक्कीच वाईट, पण त्यावर उपाय होता: पाण्याखालच्या भागाला तांब्याचे पत्रे मारत. खरा घात करतं ते वरून गळणारं पावसाचं गोडं पाणी. डेकच्या फळ्यांमधल्या फटी दोर उसवून काढलेल्या तागाने आणि डांबराने ठासून बंद केलेल्या असतात. उन्हाने, थंडीने त्या मोकळ्या होतात. पाणी झिरपतं, फासळ्यांच्या मागे साचतं, तिथे वारा खेळत नाही, आणि बुरशी धरते. बाहेरून रंग ताजा असतो आणि आतल्या लाकडात बोट घातलं तर भुसा हाताला लागतो. समुद्रावर फिरणाऱ्या जहाजाची डागडुजी सारखी चालू असते. नांगरून ठेवलेल्या जहाजाकडे मात्र कोणी बघत नाही.

दुसरा रोग म्हणजे कणा वाकणं. जहाज मध्यभागी फुगीर असतं, त्यामुळे मधल्या भागाला पाणी जास्त जोराने वर उचलतं. पुढची आणि मागची निमुळती टोकं मात्र स्वतःच्याच वजनाने खाली झुकू लागतात. वर्षं जातात तसा तळाचा कणा कमानीसारखा होतो, सांधे उघडतात आणि पाणी आत येतं. हे थांबवायचं तर जहाज सुक्या, म्हणजे पाणी उपसून काढलेल्या, गोदीत नीट आधार देऊन उभं करावं लागतं. ब्रिटिश नौसेनापती नेल्सनची 'व्हिक्टरी' १९२२ मध्ये पोर्ट्समथच्या सुक्या गोदीत नेली ती म्हणूनच.

मग लाकूड कुठलं, हा प्रश्न. युरोपातली जहाजं ओकची. ओक मजबूत असतो, पण त्यात टॅनिन भरपूर असतं आणि ते लोखंडी खिळे-बोल्ट खातं. सागवानात तेल असतं. ते बुरशीला दाद देत नाही आणि लोखंडालाही गंजू देत नाही. नेपोलियनशी लढताना इंग्लंडची ओकची जंगलं कमी पडू लागली, आणि मुंबईत वाडियांची गोदी हाताशी होती. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले तेव्हापासून ते घराणं या कामात मुरलेलं. 'ट्रिंकोमाली'चे नकाशे इंग्लंडहून 'जावा' नावाच्या जहाजातून निघाले होते. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ते जहाज अमेरिकन 'कॉन्स्टिट्यूशन'ने पकडलं आणि नकाशे गेले. दुसरी प्रत यायला वेळ लागला. अखेर १८१६ मध्ये कणा घातला गेला, आणि जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली पारशी रिवाजाप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकण्यात आला. पुढे इंग्लंडमध्ये या जहाजाची इतकी आबाळ झाली, तरी त्याचा सांगाडा तगला यात मलबारच्या सागवानाचा वाटा मोठा आहे.

एक श्रीमंत माणूस आणि त्याची दोन 'फुद्रोयां'

१८९२ मध्ये ब्रिटिश नौदलाने 'फुद्रोयां' नावाची एक जुनी युद्धनौका भंगारात विकली. ही १७९८ ची ८० तोफांची नौका, नेल्सनचं एकेकाळचं ध्वजजहाज. पुढे ती जर्मन भंगारवाल्यांच्या हाती गेल्याची बातमी आली तेव्हा इंग्लंडमध्ये आरडाओरडा झाला. वेल्समधल्या काल्डिकॉट किल्ल्याच्या मालक घराण्यातले जेफ्री व्हीटली कॉब यांनी ती पदरचे पैसे घालून परत विकत घेतली, त्याहून कितीतरी जास्त खर्च करून दुरुस्त केली आणि तिच्यावर मुलांना नाविक शिक्षण द्यायचं ठरवलं. खर्च निघावा म्हणून ते ती किनाऱ्यावरच्या सहलीच्या गावांना नेऊन तिकीट लावून दाखवत.

जून १८९७ मध्ये ती ब्लॅकपूलसमोर उभी होती. १६ तारखेला वादळ आलं, नांगर सुटला, डोलकाठ्या कोसळल्या आणि जहाज वाळूवर येऊन फुटलं. त्या धडकेत ब्लॅकपूलच्या नॉर्थ पिअरचंही नुकसान झालं. जीवरक्षक नौकेने जहाजावरच्या सगळ्यांना वाचवलं. नेल्सनचं जहाज मात्र तिथेच संपलं, आणि पुढे त्याच्या लाकडाचं फर्निचर आणि तांब्याची पदकं बनवून आठवण म्हणून विकली गेली.

मुलांसाठी दिलेल्या ऐतिहासिक वस्तूच्या नाशाची ही पहिली गाजलेली गोष्ट, आणि तिच्यातली चूक साधी आहे. जहाजाच्या पोटापाण्याची सोय तिकिटांवर होती. तिकिटं हवीत तर जहाज गर्दीच्या गावी न्यायला हवं, आणि गर्दीच्या गावचा किनारा उघडा होता. शंभर वर्षांचं लाकडी जहाज उघड्या किनाऱ्यासमोर नांगरून ठेवावं लागलं ते पैशाच्या तंगीपायी. कॉब यांच्या प्रेमात खोट नव्हती.

त्यांनी हातपाय गाळले नाहीत. त्याच वर्षी आणखी एक जहाज भंगारात निघालं होतं, ते त्यांनी घेतलं, दुरुस्त केलं आणि गेलेल्या जहाजाच्या आठवणीसाठी त्याला 'फुद्रोयां' हेच नाव दिलं. ते जहाज म्हणजे मुंबईची 'ट्रिंकोमाली'. पुढची पंचाण्णव वर्षं ती दुसऱ्याचं नाव लावून जगली. फाल्मथच्या बंदरात, मग १९३२ पासून पोर्ट्समथला मुलं तिच्यावर राहायला येत, डेकखाली कापडी झोळ्या टांगून झोपत, वल्ही मारायला आणि शिडं हाताळायला शिकत. हे जहाज मुंबईत बांधलेलं आहे याची त्यांतल्या किती मुलांना कल्पना असेल?

'इम्प्लॅकेबल'

आता या सगळ्यातली मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट. १८०० मध्ये फ्रान्सच्या रोशफोर गावी ७४ तोफांची 'द्युगे-त्रुआँ' बांधली गेली. १८०५ च्या ट्राफल्गरच्या लढाईत ती फ्रेंचांच्या बाजूने होती. तिथून निसटली, पण पंधरवड्यातच, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, इंग्रजांनी तिला पकडलं. नाव ठेवलं 'इम्प्लॅकेबल'. १८०८ मध्ये बाल्टिक समुद्रात रशियाविरुद्ध लढली, पुढे सीरियाच्या किनाऱ्यावर गेली, आणि १८५५ पासून नौदलाच्या मुलांचं प्रशिक्षण जहाज झाली. १९१२ मध्ये नौदलाने ती कॉब यांना सांभाळायला दिली. सांभाळायला दिली, हा शब्द महत्त्वाचा. मालकी नौदलाचीच राहिली.

इथे सगळं दुखणं आहे. वस्तू एकाची, वापर दुसऱ्याचा आणि दुरुस्तीची जबाबदारी हवेत. रोजची रंगरंगोटी संस्थेला जमते. दर तीस-चाळीस वर्षांनी फासळ्या आणि कणा बदलण्याचं काम निघतं, ते तिच्या आवाक्याबाहेर जातं. मालक म्हणतो, जहाज तुमच्याकडे आहे, तुम्ही बघा. संस्था म्हणते, जहाज तुमचं आहे, तुम्ही बघा. कॉब होते तोवर त्यांची संपत्ती आणि त्यांचा हट्ट ही दरी भरून काढत होता. १९३१ मध्ये ते गेले. पुढच्या वर्षी 'इम्प्लॅकेबल' आणि 'फुद्रोयां' दोघी पोर्ट्समथला आणल्या गेल्या. वर्गण्या काढल्या, आवाहनं केली, मुलांच्या सहली होत राहिल्या. दर मोसमात जहाज चालू दिसत होतं, म्हणून ते ठीक आहे असंही सगळ्यांना वाटत होतं. मुलांच्या गजबजाटाने जहाज जिवंत दिसतं. फासळ्यांमागची बुरशी त्याने थांबत नाही.

दुसऱ्या महायुद्धात नौदलाने दोन्ही जहाजं वापरायला परत घेतली. युद्ध संपलं तेव्हा 'इम्प्लॅकेबल'ची अवस्था वाईट होती आणि दुरुस्तीचा अंदाज दीड लाख पौंडांचा निघाला. त्या वेळचं ब्रिटन डोळ्यांसमोर आणा. बॉम्बने उद्ध्वस्त शहरं, घरांसाठी लाकूड मिळेना, युद्ध जिंकल्यावरसुद्धा काही काळ पावावर रेशन. सप्टेंबर १९४९ मध्ये तर पौंडाची किंमत चार डॉलरवरून दोन डॉलर ऐंशी सेंटवर आणावी लागली. जहाज फ्रान्सला देऊन पाहिलं, फ्रान्सनेही नको म्हटलं. तेव्हाच्या सरकारला मी सरसकट दोष देणार नाही. बेघर माणसांसमोर ओकच्या लाकडाचा हिशेब मांडणं सोपं नव्हतं. पण हा प्रश्न १९४७ मध्ये उभा राहिलेलाच नव्हता. तो १९१२ मध्ये, उसनवारीच्या कागदावर सही झाली तेव्हाच तयार झाला होता. पैसे हाताशी होते त्या पस्तीस वर्षांत त्याकडे कोणी पाहिलं नाही.

२ डिसेंबर १९४९ रोजी 'इम्प्लॅकेबल' पोर्ट्समथमधून ओढत बाहेर नेली. तळात बिडाचं वजन भरलेलं, आत सुरुंग लावलेले. जहाजावर ब्रिटिश आणि फ्रेंच असे दोन्ही झेंडे फडकत होते. आइल ऑफ वाइटच्या पुढे खोल पाण्यात सुरुंग उडवले. तळ फुटला, पण वरचा लाकडी भाग काही बुडेना. दीडशे वर्षांचं जहाज बराच वेळ पाण्यावर तरंगत राहिलं आणि मग कुठे गेलं. त्याचं चित्रीकरण झालं आणि चित्रपटगृहांत लोकांनी ते पाहिलं. बुडवण्याआधी पुढच्या टोकावरची लाकडी मूर्ती आणि मागच्या बाजूचा कोरीव सज्जा काढून ठेवला होता. तो सज्जा आज ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये आहे, दोन मजले उंच. त्याच्यासमोर उभं राहिलं की केवढं जहाज गेलं ते कळतं.

या नाशाने एक गोष्ट मात्र घडवली. त्या संग्रहालयाचे तेव्हाचे संचालक फ्रँक कार यांनी हे मनाला लावून घेतलं. थोड्याच वर्षांनी चहाची वाहतूक करणारं प्रसिद्ध जलद जहाज 'कटी सार्क' वाचवण्याच्या कामात ते पुढे होते. 'कटी सार्क'चीही गोष्ट याच रांगेतली: १९२२ मध्ये कॅप्टन विल्फ्रेड डाउमन यांनी ते विकत घेतलं, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९३८ मध्ये त्यांच्या पत्नीने ते टेम्सवरच्या एका नाविक शाळेला दिलं. युद्धानंतर शाळेला ते पेलेना. या वेळी मात्र जहाज बुडवलं नाही. १९५४ मध्ये ते ग्रिनिचच्या खास बांधलेल्या सुक्या गोदीत आणलं गेलं, आणि तिथे ते आजही आहे. १९७९ मध्ये जुनी जहाजं वाचवण्यासाठी 'वर्ल्ड शिप ट्रस्ट' स्थापन झाला, त्याचं ब्रीदच होतं: 'इम्प्लॅकेबल' पुन्हा नाही.

हत्ती मिळाला, चारा नाही

बाकीची उदाहरणं भरभर सांगतो. कॅप्टन स्कॉट ज्या 'डिस्कव्हरी'तून १९०१ मध्ये अंटार्क्टिकाला गेले ते जहाज १९३६ मध्ये बॉय स्काउट्स असोसिएशनला मिळालं. लंडनमध्ये टेम्सच्या काठाला ते बांधून ठेवलं आणि सी स्काउट मुलं त्यावर शिकू लागली. दुसऱ्या महायुद्धात त्याचं इंजिन आणि बॉयलर काढून भंगारात दिले गेले. म्हणजे जहाज राहिलं, पण स्कॉटना बर्फापर्यंत घेऊन गेलेलं यंत्र कायमचं गेलं. जहाजाची देखभाल स्काउटांच्या वर्गणीला झेपेना, तेव्हा १९५४ मध्ये ते नौदलाने घेतलं. पुढे १९७९ मध्ये ते मेरिटाइम ट्रस्टकडे गेलं आणि १९८६ मध्ये जिथे बांधलं होतं त्या डंडीला परतलं. स्काउटांना दिलेली ती भेट म्हणजे दारात बांधलेला हत्ती होता. हत्ती सगळ्यांनी पाहिला, चाऱ्याचं कोणी विचारलं नाही.

वेल्समधल्या मेनाई सामुद्रधुनीत 'कॉनवे' ही नामांकित नाविक शाळा १८३९ च्या 'नाइल' या युद्धनौकेवर भरत असे. एप्रिल १९५३ मध्ये दुरुस्तीसाठी ओढून नेत असताना प्रवाहाने ती खडकावर गेली आणि तिचा कणा मोडला. १९५६ मध्ये मोडतोड चालू असताना ती जळाली. दुरुस्तीला निघालेलं जहाज वाटेत गेलं, याचं वाईट वाटतंच.

याउलट वाचलेलं एक जहाज म्हणजे १८७८ ची 'गॅनेट'. हॅम्बल नदीतल्या 'मर्क्युरी' या प्रशिक्षण शाळेतली मुलं अर्धशतकाहून जास्त काळ तिच्यात झोपत. ही शाळा चालवत सी. बी. फ्राय. ससेक्सकडून रणजितसिंहजींच्या जोडीने क्रिकेट खेळणारे तेच फ्राय. खरा कारभार त्यांच्या पत्नी बीट्रिस यांचा होता आणि शिस्त इतकी कडक की तिथल्या कित्येक मुलांनी पुढे तिची कटू आठवण सांगितली. १९६८ मध्ये शाळा बंद झाली आणि 'गॅनेट' जतन करणाऱ्यांच्या हाती गेली. आज ती चॅटमला सुक्या गोदीत आहे.

आपल्याकडे लोक म्हणतील, ही इंग्रजांची गोष्ट. पण 'विक्रांत' आठवा. १९९७ मध्ये निवृत्त झालेली भारताची पहिली विमानवाहू नौका मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. शाळेच्या सहली तिथे जात, मुलं डेकवर विमानं बघत. २०१२ मध्ये ती धोकादायक म्हणून बंद झाली, २०१४ मध्ये साठ कोटींना लिलावात गेली आणि मुंबईतल्याच दारुखाना भागात तोडली गेली. तिच्या पोलादातून एका मोटारसायकलच्या टाकीसाठी धातू काढला. 'विक्रांत' मुलांच्या संस्थेकडे नव्हती आणि लाकडाचीही नव्हती, तरी दुखणं तेच: जहाज दाखवायची हौस सगळ्यांना, सुक्या गोदीचा आणि पोलाद बदलण्याचा खर्च मात्र कोणाच्याच अंदाजपत्रकात नाही.

मग 'ट्रिंकोमाली' का वाचली

प्रेम जास्त होतं म्हणून वाचली असं म्हणणं सोपं आहे, पण 'इम्प्लॅकेबल'वरही प्रेम कमी नव्हतं. दोघी वर्षानुवर्षं एकाच बंदरात, एकाच संस्थेच्या छत्राखाली, मुलांच्या त्याच गर्दीत होत्या. फरक आकाराचा होता, लाकडाचा होता आणि वेळेचा होता. 'ट्रिंकोमाली' लहान, म्हणून खर्च कमी. ती सागवानाची. आणि तिचा प्रश्न १९४७ मध्ये न येता १९८६ मध्ये आला.

त्या वर्षी मुलांचं प्रशिक्षण थांबवण्यात आलं. हा निर्णय सोपा नसणार. नव्वद वर्षं ज्या कामासाठी जहाज जगवलं ते काम बंद करायचं होतं. पण तिचे पाट उघडायचे, फासळ्या तपासायच्या, तर वर मुलं ठेवून ते जमत नाही. १९८७ मध्ये तिला एका मोठ्या तराफ्यावर चढवून हार्टलपूलला नेलं. हार्टलपूलच का? कारण तिथे नुकतीच 'वॉरियर' ही १८६० ची लोखंडी युद्धनौका दुरुस्त होऊन बाहेर पडली होती. जहाजबांधणी बंद पडून बेरोजगारीने गांजलेल्या त्या गावात, जुनं जहाज उकलून पुन्हा जोडायचं कसं हे जाणणारे कारागीर तयार होते आणि त्यांना पुढचं काम हवं होतं. अशी माणसं विखुरली की पुन्हा गोळा होत नाहीत. हा योग जुळला नसता तर काय झालं असतं, याची कल्पना करवत नाही.

१९९० मध्ये खरं काम सुरू झालं, १९९२ मध्ये तिला 'ट्रिंकोमाली' हे मुंबईतलं नाव परत मिळालं आणि २००१ मध्ये काम संपलं. खर्च एक कोटी पौंडांवर गेला. एवढं करूनही आज तिचं निम्म्याहून जास्त लाकूड मूळचंच आहे, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी मलबारच्या जंगलातून मुंबईला आलेलं. ती आता रॉयल नेव्हीच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे: मालकी, वापर आणि दुरुस्ती एकाच घराकडे.

ब्रिटनमध्ये आता जुन्या जहाजांची राष्ट्रीय नोंदवही आहे. एखादं जहाज वाचवणं शक्यच नसेल तर ते तोडण्याआधी त्याचा फळीन् फळी आराखडा काढून ठेवा, अशी लेखी सूचना आहे. आपल्या शाळांच्या, व्यायामशाळांच्या, स्काउट पथकांच्या कपाटांत कोणाकोणाची तलवार, पदकं, ध्वज आणि जुनी वाद्यं देणगी म्हणून पडून आहेत. ती दिली कोणी, मालकी कोणाची आणि वाळवी लागली तर खर्च कोण करणार, हे एका कागदावर लिहून त्याखाली दोघांच्या सह्या घ्यायला एक दुपार पुरते. असा कागद तुमच्या संस्थेच्या दप्तरात आहे का, ते एकदा पाहा. नसेल तर देणारं माणूस किंवा त्याचे वारस हयात आहेत तोवर तो करून घ्या.